उल्हास पेंटरची जपानी वाळू

उल्हास पेंटर जेवायला बसला की आधी भात बोटांनी चिवडायचा. मग घास तोंडात घालून दाढा एकमेकींवर हळूच टेकवायचा. कच्च झालं की घास ताटाच्या कडेला. "वाळू," एवढंच म्हणायचा, पण तोंड असं करायचा की समोरच्याचंही जेवण संपावं. मेसमध्ये रांधणारा कादिर दापोलीकडचा, हाताला चव असलेला माणूस. तो बिचारा तांदूळ पुन्हापुन्हा धुवायचा आणि म्हणायचा, "उल्हासभाय, वाळू माझ्या भातात नाय, तुझ्या दातांत हाय." आणि खरं सांगू? कादिरचंच बरोबर होतं.

ही गोष्ट सौदीतली, रास तनुराची, दोन हजार चार-पाच सालातली. तिथल्या तेलाच्या कारखान्यात मी लोखंडी परांच्या बांधायचो. उल्हास आमच्या खोलीतला, माझ्या डोक्यावरच्या बंकवर झोपायचा. तो कूस बदलायचा आणि वरून माझ्या तोंडावर बारीक वाळू पडायची. आता तुम्ही म्हणाल, पेंटर माणसाच्या अंथरुणात वाळू कुठली? तीच तर गंमत आहे.

राजापूरच्या खाली समुद्रकाठी त्याचं गाव. बाप सुतार, पण हा लहानपणापासून रंगात. शिमग्याच्या नमनाच्या खेळाला, गावच्या नाटकाला मागे पडदे लागतात ना, ते हा रंगवायचा. चुना, गेरू, नीळ आणि सरस एवढ्या भांडवलावर जंगल उभं करायचा. राजवाडा करायचा, रस्ता करायचा, कैलास करायचा. जंगलाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक पोपट बसवायचा, ती त्याची सही. पुढे छापील फ्लेक्स निघाले, पडदे मागायला कोणी येईना. तेव्हा त्याच्या बायकोच्या, शीलाच्या, भावाने त्याला मुंबईत एका एजंटाकडे नेलं. एजंटाने विचारलं, काम काय करतोस? हा म्हणाला, पेंटर. एजंट म्हणाला, अरे, पेंटरला सौदीत मरणाची मागणी आहे! दोघांतलं कोणीच खोटं बोललं नाही, आणि तिथेच घोळ झाला.

परीक्षेला त्याला एक लोखंडी पत्रा आणि राखाडी रंगाचा डबा दिला. याने पत्रा सुरेख रंगवला आणि कोपऱ्यात राखाडीवर राखाडीच एक पोपट काढला. परीक्षा घेणारा केरळचा साहेब पोपटाकडे बघतच राहिला म्हणे. शेवटी म्हणाला, हात सारखा फिरतो, पास.

रास तनुराला उतरल्यावर कळलं की तिथे पेंटर म्हणजे टाकीवाला. तेलाच्या टाक्या असतात, एकेकीत आपली अख्खी वाडी मावेल. त्यांना गंज चढतो. रंग देण्याआधी तो खरवडायला हवा. त्यासाठी जाड रबरी नळीतून, कॉम्प्रेसरच्या हवेने, वाळूचा मारा करायचा. त्याला ब्लास्टिंग म्हणतात. गंज निघतो, जुना रंग निघतो, मध्ये हात आला तर कातडं निघतं. रंगाचा फवारा मारायला दुसरे लोक, आणि आमचा जंगल-कैलासवाला नळीवर. डोक्यावर श्वासाला हवा पुरवणारी बंद टोपी, अंगात चामडी झगा, टाकीच्या पोटात वाळूचं धुकं, आणि बाहेर निघालं तर पुन्हा वाळूच. जावं कुठे माणसाने?

संध्याकाळी तो ज्या मोरीत आंघोळ करायचा, तिथे त्याच्यामागून जायला कोणी धजत नसे. पायाखाली काळा तेलकट गाळ आणि त्यात केस. त्याच्या उशीचा अभ्रा मोटारीच्या गॅरेजातल्या फडक्यासारखा. नाकातून काय निघायचं ते लिहीत नाही, कोणी जेवता जेवता वाचत असेल. बरं, लिहितोच: काळ्या मेणाच्या वाती. त्या तो बोटावर घेऊन आम्हाला दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघा, सौदीची कमाई." अहो, मला आज भरल्या घरात बसून हे लिहिताना हसू येतंय, पण तेव्हा आम्ही ताट उचलून बाहेर पळायचो.

त्याची खरी भीती मात्र वेगळी होती. ती नळी दिवसभर थरथरते, आणि तिची थरथर त्याच्या हातात उतरली होती. चहा घेतला की अर्धा बशीत. एका शुक्रवारी त्याने माझ्या परांचीच्या फळीवर पेन्सिलीने पोपट काढायला घेतला. अंग झालं, शेपूट झालं, चोचीला रेघ फिसकटली. खोडून पुन्हा काढली, पुन्हा फिसकटली. त्याने फळीच पालथी घातली.

"राजाभाऊ," तो मला म्हणाला, "या नळीवर अजून एक करार काढला ना, तर गावाला जाऊन मला कुंपणालासुद्धा चुना लावता येणार नाही."

कँपात एक शेड होती, पाट्या रंगवायची. 'धोका', 'हेल्मेट घाला', इकडे बाण, तिकडे बाण. थंडगार एसी, हातात ब्रश, आणि आत वाळूचा कण नाही. तिथला म्हातारा पेशावरी पेंटर कायमचा घरी निघाला होता. उल्हासचे डोळे त्या शेडवर लागले. आणि शेड कोणाला द्यायची हे होतं हुसेनमियाँच्या हातात. हुसेनमियाँ श्रीवर्धनचे, आमच्या ठेकेदाराचे कँप-बॉस. माणूस तसा दिलदार, पण साहेब लोकांपुढे साखरेसारखा विरघळायचा.

नेमके त्याच वेळी नवे पंप बसवायला जपानहून एक इंजिनिअर आले. त्यांचं नाव मोरिवाकी. आमच्या कँपात आठवड्याच्या आत त्याचं 'मोरे साहेब' झालं. कादिर तर त्यांना विचारणार होता, तुमचं मूळ जावळीकडचं का!

मोरे साहेबांच्या खोलीच्या खिडकीसमोर एक लांबलचक सिमेंटची भिंत होती, डाग पडलेली. हुसेनमियाँनी उल्हासला बोलावलं. "बघ, पाहुण्याला सकाळी उठल्यावर आपला देश दिसला पायजे. बर्फाचा डोंगर काढ, खाली गुलाबी फुलं काढ. साहेब खूश झाले तर शेड तुझी. जबान देतो."

उल्हास आनंदाने नाचायचा बाकी राहिला. त्याने कैलासाचाच डोंगर काढला, फक्त वरचे महादेव काढून टाकले. मोठ्या ब्रशचं काम, त्यात थरथर लपून गेली. मोरे साहेब बाहेर आले, कमरेत वाकले, छान छान म्हणाले, आणि मग हुसेनमियाँना इंग्रजीत हळूच काहीतरी बोलले. मियाँचा चेहरा पडला.

"काय म्हणतात?" उल्हासने विचारलं.

"म्हणतात, डोंगर फर्स्ट क्लास आहे. पण तो त्यांचा नाय. त्यांचं घर तिथून लय लांब, तोत्तोरी म्हणून जिल्हा आहे. तिथे डोंगर बघायला कोण जात नाय."

"मग काय बघायला जातात?"

साहेबांनी खोलीतून चित्रांचं एक जाड पुस्तक आणलं, त्यांच्या जिल्ह्याचं. आम्ही सगळे वाकलो. पहिल्याच पानावर अख्खी वाळू. वाळूच्या टेकड्या, त्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या, मागे समुद्र. आणि वाळूत एक उंट.

कादिर म्हणाला, "हे तर आपलंच! हाफ मून बेला गेलो होतो ना, तिथलंच हाय." धाहरानच्या खाली समुद्राला लागून वाळूच्या टेकड्या आहेत, तिथे आम्ही एकदा बसने गेलो होतो. दोन्हीत काडीचा फरक नाही!

मोरे साहेब हसून हसून लाल झाले. म्हणाले, उंट फिरायला आलेल्यांना बसवायला आणलेत, बाकी सगळं अस्सल जपान. आमच्या देशातच पुष्कळांना आमचा जिल्हा नकाशावर दाखवता येत नाही, शेजारच्या जिल्ह्यावर बोट ठेवतात. पण कोणाला नाटका-सिनेमात वाळवंट हवं झालं, जाहिरातीत हवं झालं, की आमची आठवण येते. पुढच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या फोटोंत कोट घातलेले लोक वाळूत उभे, एकमेकांपासून लांब लांब, बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखे. एकाच्या हातात छत्री. तिकडच्याच एका फोटोवाल्याने असले फोटो काढून नाव कमावलं म्हणे. मग एका बंदरगावाचे फोटो. तिथे भुताखेतांच्या चित्रकथा काढणारा एक मोठा माणूस वाढला, तर गावाने रस्त्याच्या कडेने त्याची सगळी भुतं धातूत ओतून उभी केलीत. मला ते फार आवडलं. आपल्याकडे भुताच्या वाटेने लोक जात नाहीत, तिकडे भुताच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढतात!

उल्हासला यातलं काही दिसत नव्हतं. त्याने छत्रीवाल्याकडे बघितलं आणि नाक मुरडलं. "पाऊस नाय, पाणी नाय, छत्री घेऊन वाळूत उभा. याला एक दिवस टाकीत पाठवा." मग म्हणाला, "मेल्यांनो, जपानला जाऊन पण वाळूच? देवाने दुसरं काही दिलं नाय त्यांना?"

फक्त एका पानावर तो थांबला. समुद्रकाठी एक ससा, अंगावर एक केस नाही, कातडं सोललेलं. साहेब म्हणाले, आमच्याकडची जुनी कथा आहे. या सशाने पाण्यातल्या माशांना फसवलं, त्यांनी त्याचं कातडं ओरबाडलं, आणि वर लोकांनी त्याला सांगितलं की खाऱ्या पाण्याने अंघोळ कर. उल्हासने सशावर बोट ठेवलं.

"याला ब्लास्टिंग केलंय," तो म्हणाला.

तर हुसेनमियाँनी फर्मान काढलं: डोंगर पुसा, तोत्तोरीची वाळू काढा.

"मी वाळू नाय काढणार," उल्हास म्हणाला. "मियाँ, राक्षस सांगा, काढतो. नरक सांगा, काढतो."

"नरकात शेड नाय मिळणार," मियाँ म्हणाले. "जुम्म्याच्या नमाजनंतर साहेबांना भिंत दाखवायची आहे. यल्ला, चल लाग कामाला!"

काय करतो? त्याने डोंगरावर गडद तपकिरी अस्तर मारलं, ते सुकल्यावर वरून फिकट पिवळट रंग दिला. वर समुद्राचा निळा पट्टा झकास उतरला. मग सुरकुत्या काढायला बारीक ब्रश घेतला, आणि तिथे हाताने दगा दिला. वाऱ्याच्या रेघा कशा, एकीला लागून एक, श्वास घेतल्यासारख्या हव्यात. याची रेघ मध्येच उडी मारायची. एक नीट करायला जावं तर खालची पुसायची. चार दिवस कामावरून आल्यावर तो भिंतीशी झटत होता. शेवटी जे झालं ते बघून कादिर म्हणाला, "उल्हासभाय, शिरा थापलाय छान. साखर तेवढी कमी पडली." आणि मियाँनी येऊन जीभ चावली. "अरे, साहेब म्हणतील माझ्या मुलखावर कोणी उलटी केली!"

उल्हास खोलीत आला आणि वरच्या बंकवर भिंतीकडे तोंड करून पडला. जेवला नाही. वाळूसुद्धा पडली नाही त्या दिवशी खाली, इतका निपचित होता.

शुक्रवारी सकाळी हुसेनमियाँ, कादिर, सगळी मंडळी मशिदीत गेली. कँप रिकामा. उल्हास उठला आणि मला म्हणाला, "राजाभाऊ, चल. ती घाण मला कोणाला दाखवायची नाय."

भिंतीच्या बाजूलाच यंत्रं दुरुस्त करायचं अंगण होतं. तिथे एक जुना कॉम्प्रेसर आणि वाळू भरलेली ब्लास्टिंगची टाकी उभी होती. त्याने टोपी चढवली, नळी खांद्यावर घेतली आणि मला सांगितलं, "कॉक फिरव. सगळी सिमेंटपर्यंत सोलतो."

मी कॉक फिरवला. पण कॉम्प्रेसर म्हातारा, हवा अर्धीच. उल्हासने भिंतीवर मारा सुरू केला तो शिव्या देत. टोपीच्या आतून ऐकू येत नव्हत्या, पण खांदे बघून मला सगळ्या कळत होत्या. हवा कमी म्हणून सिमेंट काही दिसेना, नुसता वरचा पिवळट रंग उडत होता आणि खालचा तपकिरी डोकावत होता. आणि हात तर थरथरतच होता. नळीबरोबर थरथरायची त्याला इतक्या दिवसांची सवय, एका चालीत, एका मापात. धूळ जरा बसली आणि मी ओरडलो, "उल्हास, थांब!"

भिंतीवर सुरकुत्या होत्या. वाऱ्याच्या. एकीला लागून एक, वळणाला वळण, पुस्तकातल्यासारख्या. छे, पुस्तकात त्या चपट्या होत्या, इथे हात फिरवला तर बोटाला लागत होत्या.

उल्हासने टोपी काढली. मागे मागे जात अंगणाच्या टोकाला गेला. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता हा रडणार नाहीतर हसणार. तो थुंकला.

"वाळूनेच वाळू काढली रांडेची," तो म्हणाला, आणि तोंड असं केलं जसं कोणी त्याला उष्टं खायला लावलंय. मग टोपी चढवली आणि उरलेली भिंत पूर्ण केली. काम सोडायचं रक्तातच नव्हतं त्याच्या.

नळी खाली ठेवून त्याने आपला ब्रश काढला. खालच्या कोपऱ्यात, पोपटाची जागा असते तिथे, एक ससा काढला. उघडा, गुलाबी, कातडं सोललेला. हात कापत होता म्हणून ससाही कुडकुडल्यासारखा दिसत होता. पण डोळा! काय सांगू, त्या डोळ्यात सगळा कँप होता. "हा माझा," तो म्हणाला. "बाकीची भिंत त्या नळीची."

नमाजनंतर मोरे साहेब आले. आले आणि उभेच राहिले. मग जवळ जाऊन भिंतीवर तळवा फिरवला, वरून खाली, खालून वर. सशापाशी गुडघ्यावर बसले. उठले तेव्हा डोळे पुसत होते. हुसेनमियाँची छाती अशी फुगली जसा ब्लास्ट त्यांनीच मारला.

साहेबांनी कुठून तरी काळी छत्री आणवली. उल्हासला तशाच चामडी झग्यात भिंतीसमोर उभं केलं, हातात उघडी छत्री दिली आणि फोटो काढला. त्या पुस्तकातल्यासारखा. पाऊस नाही, पाणी नाही! फोटोत उल्हासचं तोंड कारल्याच्या फोडीसारखं आहे. आम्ही हसून हसून खाली बसलो.

फोटो झाल्यावर उल्हासने छत्री मिटली आणि सरळ मियाँना विचारलं, "मियाँ, शेडची किल्ली कधी देताय?"

मियाँनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "अरे वेड्या, शेड काय घेऊन बसलास? साहेब म्हणतात, नळीवर असा हात त्यांनी जन्मात बघितला नाय. मी आत्ताच मॅनेजरला फोन केला. तुला ब्लास्टिंगचा फोरमन केलाय! नव्या टाक्यांवर तूच."

"जबान दिली होती तुम्ही. साहेब खूश झाले तर शेड."

"खूश कशावर झाले? नळीवर ना? पाट्या कोण पण रंगवेल. ससा बरा आहे तुझा, नाय म्हणत नाय. पण ती वाळू, उल्हास! ती वाळू!"

उल्हासने मियाँचा हात खांद्यावरून उचलून बाजूला ठेवला, जसा तो ताटातला घास ठेवायचा.

"खलास," तो म्हणाला. "करार संपला की माझा घरी जायचा एक्झिट टाका."

फोरमनची टोपी त्याने घातलीच नाही. उरलेले दिवस नळी धरली, दाढा टेकवून भात खाल्ला, आणि गेला. मोरे साहेबांनी निघताना दिलेला फोटो त्याने बॅगेच्या तळाशी पालथा घातला. शेडमध्ये मियाँनी कोणीतरी दुसरा बसवला. त्याचे बाण कुठे दाखवायचे ते त्यालाच ठाऊक, लोक कँटीन शोधत संडासात पोचायचे.

मी परत आल्यावर एका शिमग्यात मुद्दाम उल्हासच्या गावी गेलो. घर समुद्रापासून हाकेवर, पण याने पुढचं दार बंद करून ये-जा मागच्या दाराने ठेवलेली. शीलावहिनी म्हणाल्या, "भावोजी, आल्यापासून पुळणीवर पाय ठेवला नाही यांनी. मुलं वाळूत खेळून आली की अंगणातच उभी करून धुतात, म्हशीला धुवावं तशी."

हात पूर्वीसारखा नव्हता. चोच अजून फिसकटायची, पण ब्रश सोडला नव्हता. नमनवाल्यांनी फ्लेक्सला कंटाळून पुन्हा त्याच्याकडे पडदा मागितला होता, तेव्हा मी तिथेच होतो. मंडळाचा पुढारी म्हणाला, "उल्हासदादा, यंदा कोळ्यांचं सोंग आहे. समुद्रकिनारा हवा मागे. छान लाटा, होड्या, पुढे सोनेरी वाळू."

उल्हासने त्याच्याकडे बघितलं. दाढा एकमेकींवर हळूच टेकवल्या.

"समुद्र देतो," तो म्हणाला. "होड्या देतो. किनारा तुम्ही समजून घ्या."